मोठ्या माशांच्या मुलखात स्कूटरने

1956 सालच्या कान महोत्सवात ‘द सायलेंट वर्ल्ड’ या फ्रेंच माहितीपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. जाक-इव्ह कुस्तो आणि लुई माल या दोघांनी तो केला होता. आपल्या विषयाची दोन्ही टोकं या एका माहितीपटात सापडतात. टॉर्पेडोच्या आकाराची स्कूटर हातांत धरून प्रवाळांवरून सरसर जाणारे पाणबुडे त्यात आहेत, आणि जोजो नावाचा भलामोठा गोब्रा, म्हणजे ग्रुपर मासाही आहे. हिंदी महासागरातल्या सेशेल्सच्या अझम्प्शन बेटापाशी हा मासा डायव्हरांच्या हातचं खायला इतका सोकावला, की चित्रीकरणात सारखा मध्ये येऊ लागला. शेवटी शार्कपासून बचावासाठी आणलेल्या पिंजऱ्यात काही वेळ त्यालाच कोंडावं लागलं. त्याच माहितीपटात शार्कांची कत्तल आहे, आणि माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळात लावलेला सुरुंगही आहे. आज ती दृश्यं बघवत नाहीत. पुढे समुद्र वाचवण्यासाठी जगभर ज्यांचा आवाज सर्वांत लांब पोचला, ते हेच कुस्तो. एका माणसाच्या हयातीत समुद्राकडे बघण्याची नजर किती बदलू शकते, हे त्यावरून कळतं.

त्यानंतरच्या सत्तर वर्षांत स्कूटर कुठल्या कुठे गेली. मोठे मासे मात्र बहुतेक समुद्रांतून हटत गेले. आज ज्याच्याकडे चांगली स्कूटर आहे त्याला पूर्वी कुणी पाहिला नसेल इतका रीफ एका बुडीत पाहता येतो, पण तिथे बघायला काय उरलं आहे हा प्रश्न त्याच्यासोबत पाण्यात उतरतो. स्कूटर मोठ्या माशापर्यंत पोचण्यासाठी वापरावी, त्याच्या मागे लागण्यासाठी वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. या संग्रहातले लेख निवडताना हीच कसोटी लावली आहे. ते का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबवतो.

आधी यंत्राची ओळख. डायव्हर मंडळी तिला स्कूटर म्हणतात, कागदोपत्री डीपीव्ही. पाणी शिरणार नाही असं नळकांडं, आत बॅटरी आणि मोटर, मागच्या बाजूला कड्यात बसवलेला पंखा. खेळण्यासारख्या छोट्या स्कूटर दोन हातांत धरून पुढे ढकलत नेतात. लांब पल्ल्याच्या स्कूटरची गोष्ट वेगळी. हार्नेसचा जो पट्टा दोन मांड्यांमधून पुढे येतो, त्यावर धातूची एक कडी असते. स्कूटरची दोरी त्या कडीला अडकवायची. सगळी ओढ कमरेवर येते आणि हातांना फक्त दिशा द्यायचं काम उरतं. दोरीची लांबी अशी लावायची, की ट्रिगर धरलेल्या हाताचं कोपर किंचित वाकलेलं राहील आणि पंख्याने मागे फेकलेलं पाणी पोटाखालून निघून जाईल. दोरी थोडी आखूड झाली, तरी तेच पाणी छातीवर आदळतं आणि बॅटरीची बरीच ताकद तिथेच वाया जाते. नवखा माणूस अशा वेळी वेगाचं बटण वाढवत बसतो. जाणकार थांबतो आणि दोरीची गाठ सरकवतो.

पाण्यात वेग फार महाग पडतो. वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध चौपट होतो, आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. फिन्स मारत निवांत पोहणारा डायव्हर मिनिटाला पंधराएक मीटर जातो. त्याने जोर लावला तर वेग जरासाच वाढतो, दम मात्र लगेच लागतो. तीस मीटर खोलीवर दाब चार पट असतो. पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा घेणारा माणूस तिथे ऐंशी लिटर ओढतो, आणि करंटशी झुंजायला लागला की सहज एकशेसाठ. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे बारला चोवीसशे लिटर हवा असते. म्हणजे झुंजणाऱ्याचं सिलिंडर पंधरा मिनिटांत रिकामं, आणि राखीव हवा अजून हिशेबात धरलेलीच नाही. स्कूटरवरचा डायव्हर मिनिटाला पंचेचाळीस-पन्नास मीटर जातो आणि श्वास शांत ठेवतो. त्याला मिळणारा खरा लाभ हा आहे. वेगाची मजा त्यानंतर.

हे सगळं मोठ्या माशांसाठीच का महत्त्वाचं, हे समजायला ते मासे कोण आणि कसे राहतात हे पाहायला हवं. शार्क आणि मांटा आम्ही बाजूला ठेवले आहेत. त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे आहेत ते प्रवाळावर घर करून राहणारे धिप्पाड मासे. अटलांटिकमधला गोलायथ गोब्रा अडीच मीटरपर्यंत वाढतो. गळाला लागलेला सर्वांत मोठा, 1961 साली फ्लोरिडात, 308 किलोंचा होता. आपल्या हिंदी महासागरातला त्याचा भाऊबंद, जायंट ग्रुपर, त्याहूनही मोठा होतो. नेपोलियन मासा सव्वादोन मीटरपर्यंत जातो. कपाळावर टेंगूळ, जाड ओठ, आणि डोळ्यांभोवती गोंदल्यासारख्या रेषा. त्या प्रत्येक माशाच्या वेगळ्या असतात, त्यामुळे ओळखीचा मासा पुन्हा ओळखता येतो. विषारी काट्यांचा ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ तारामासा खाणारे जीव फार थोडे, त्यांत हा एक. मादी म्हणून वाढून त्यातल्या काही पुढे नर होतात, त्यामुळे सर्वांत मोठे मासे मारले की नेमके नरच संपतात. हाँगकाँगच्या हॉटेलांतल्या काचेच्या टाक्यांसाठी त्याला जिवंत पकडण्याचा धंदा इतका फोफावला, की 2004 साली वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचं नाव घालावं लागलं.

बंपहेड पोपटमाशावर माझा विशेष जीव आहे. मलेशियातल्या सिपादानला पहाटे कळपाने येणारे हे मासे दिसण्याआधी ऐकू येतात. शंभर जण एकदम खडीसाखर फोडताहेत असा आवाज पाण्यातून येतो, मग निळ्यातून हिरवट-करडी कपाळं बाहेर येतात, आणि प्रत्येकाच्या शेपटीमागे पांढऱ्या वाळूचा लोट सुटलेला असतो. एक पूर्ण वाढलेला मासा वर्षाला पाच टनांहून अधिक प्रवाळखडक कुरतडतो, असं डेव्हिड बेलवुड आणि सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवून दिलं. बेटांचे पांढरेशुभ्र किनारे बऱ्याच अंशी अशाच माशांच्या पोटातून आलेले आहेत. रात्री हे मासे उथळ पाण्यात एकमेकांजवळ झोपतात. टॉर्च आणि भाला घेतलेला माणूस एका रात्रीत अख्खा कळप संपवू शकतो, आणि प्रशांत महासागरातल्या कित्येक बेटांवर तसं झालंही.

एवढ्या मोठ्या माशाला मोठा मुलूख लागतो. संख्या थोडी आणि अंतरं लांब, म्हणून एका जागी उभं राहून गणती केली तर तो हिशेबात येतच नाही. अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या शास्त्रज्ञांनी प्रशांत महासागरातल्या बेटांभोवती पन्नास सेंटिमीटरपेक्षा मोठ्या माशांची गणती करताना डायव्हरांना होडीमागे दोरीने ओढत नेलं, ते याचसाठी. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर ‘मांटा टो’ नावाची अशीच पद्धत वर्षानुवर्षं चालू आहे. ओढला जाणारा डायव्हर मात्र थांबू शकत नाही, वळू शकत नाही, कपारीत डोकावू शकत नाही. स्कूटरवाला हे तिन्ही करू शकतो.

स्कूटरचा इतिहास युद्धात सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात इटालियन नौदलाने माणसं स्वार होतील असे संथ टॉर्पेडो बनवले, आणि डिसेंबर 1941 मध्ये सहा जणांनी अलेक्झांड्रिया बंदरात शिरून ब्रिटिशांच्या दोन युद्धनौका निकामी केल्या. ती परंपरा लष्करातच राहिली. आपल्याला जवळची आहे ती युद्धानंतरची फ्रेंच परंपरा, आणि तिच्यातलं सर्वांत दुर्लक्षित नाव दिमित्री रेबिकॉफ. रशियन वंशाच्या या फ्रेंच अभियंत्याने 1950 च्या दशकात आधी ‘टॉर्पिय’ आणि मग ‘पेगासस’ ही यंत्रं बनवली. पेगासस विमानासारखं चालवायचं होतं. नाकाशी कॅमेरा, आणि समुद्रतळाचे सलग फोटो घेऊन नकाशा तयार करण्याची सोय. कुस्तोंची स्कूटर पडद्यावर आली आणि घराघरात पोचली. रेबिकॉफ यांची अभ्यासकांच्या वर्तुळात राहिली. माझ्या मते आज मोठ्या माशांचा शोध घेणारा प्रत्येक डायव्हर कुस्तोंपेक्षा रेबिकॉफ यांचा वारसदार जास्त आहे. 1965 च्या ‘थंडरबॉल’ या बाँडपटात बहामातल्या पाण्याखाली स्कूटरवरून मोठी लढाई झाली आणि स्कूटरची सामान्य प्रेक्षकांच्या मनातली प्रतिमा कायमची ठरून गेली: पाठलाग, वेग, भाला. ही प्रतिमा पुसायला अजून वेळ लागणार आहे.

स्कूटरला खरी शिस्त लावली ती गुहांनी. उत्तर फ्लोरिडात चुनखडीच्या पोटात मैलोन् मैल पसरलेले पाण्याचे बोगदे आहेत. वकुल्ला झऱ्याच्या गुहांत काम करणाऱ्या डायव्हरांना पोहत जाऊन काहीच साधणार नव्हतं. 1980 च्या दशकापासून त्यांनी स्कूटर घरच्या घरी सुधारल्या, बॅटऱ्या बदलल्या, पंखे घासून घडवले. त्यांचे नियम रक्ताने लिहिलेले आहेत. स्कूटर बंद पडेल हे धरूनच निघायचं. जिथून स्वतः पोहत किंवा जोडीदाराला ओढत परत येता येणार नाही, तिथे जायचंच नाही. बॅटरीच्या आणि हवेच्या ठरलेल्या हिश्श्यावर वळायचं, पुढे कितीही सुंदर दिसत असलं तरी. डिसेंबर 2007 मध्ये जॅरड जॅब्लॉन्स्की आणि केसी मॅकिन्ले यांनी टर्नर सिंकपासून वकुल्लापर्यंत सुमारे 11 किलोमीटरचा बोगदा याच शिस्तीने पार केला. गुहेत मासे बघायला कुणी जात नाही. पण खुल्या समुद्रात स्कूटर कशी वापरावी याबद्दल आज जे शिकवलं जातं, त्यातलं बहुतेक त्या अंधारातून आलेलं आहे.

फ्रेंच परंपरा आणि गुहा यांच्यानंतर तिसरा पंथ सुट्टीचा. या शतकाच्या सुरुवातीला हातात मावणाऱ्या स्वस्त स्कूटर बाजारात आल्या आणि रिसॉर्टवर भाड्याने मिळू लागल्या. त्यांच्याविषयी फार लिहिण्यासारखं नाही. त्यांनी कुतूहल जागं केलं, तेवढं पुरे. पुढे लिथियम बॅटऱ्या आल्या तेव्हा चित्र पालटलं. जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांची स्कूटर उचलायला दोन माणसं लागायची. आता तेवढ्याच पल्ल्याची स्कूटर एकट्याने खांद्यावर टाकून किनाऱ्यापर्यंत नेता येते. विमानात एकशेसाठ वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही. म्हणून काही कारखान्यांनी सुताराच्या ड्रिल मशिनला लागणाऱ्या बॅटऱ्यांवर चालणाऱ्या स्कूटर काढल्या, म्हणजे पोचल्यावर तिथल्याच दुकानातून बॅटऱ्या घ्यायच्या. आज इटली, जर्मनी, पोलंड आणि अमेरिकेत चांगल्या स्कूटर बनतात.

चौथ्या पंथाबद्दल कटू बोलावं लागतं. भाला आणि स्कूटर एकत्र आले की मोठ्या माशाला पळायला जागा राहत नाही. जो मासा आपल्या खोलीच्या आणि अंतराच्या आडोशाने वाचत आला, त्याचा तो आडोसाच स्कूटर काढून घेते. अन्नासाठी एका दमात बुडी मारून मासा आणणाऱ्या माणसाशी माझं भांडण नाही. सिलिंडर, स्कूटर आणि भाला ही तिकडी मात्र शिकार म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही. या संग्रहात त्यावर एकही लेख घेतलेला नाही.

आता फ्लोरिडा, कारण मोठ्या माशांच्या परत येण्याची सर्वांत बोलकी गोष्ट तिथे घडली. गोलायथ गोब्रा माणसाला घाबरत नाही, एकाच भोकाशी वर्षानुवर्षं राहतो, आणि अंडी घालायला ठरावीक जागी जमतो. एवढे तीन गुण त्याला संपवायला पुरेसे होते. 1990 साली तिथे त्याच्या मासेमारीवर पूर्ण बंदी आली. मग हळूहळू, फार हळूहळू, तो दिसू लागला. त्याची पिल्लं पाच-सहा वर्षं कांदळवनाच्या मुळांत वाढतात, म्हणून किनाऱ्यावरची खारफुटी वाचली तरच खोल पाण्यातला राक्षस वाचतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ज्युपिटर आणि बॉयन्टन बीचच्या समोर, बुडवलेल्या जहाजांच्या सांगाड्यांपाशी ते जमतात. गल्फ स्ट्रीमचा करंट तिथे एवढा असतो, की फिन्सवरचा डायव्हर त्या जहाजावरून वाहत निघून जातो. बघायला मिळतात ती जेमतेम काही मिनिटं.

स्कूटर असली तर जहाजाच्या करंटआडच्या बाजूला येता येतं. तिथे ट्रिगर सोडायचा, स्कूटर मागे टांगायची आणि वाळूपासून थोडं वर स्थिर राहायचं. आधी दिसते ती लहान माशांची दाट चांदी, भिंतीसारखी. ती भिंत मध्येच फाटते आणि त्या फटीतून एक तोंड पुढे येतं. गाडीच्या बॉनेटएवढं रुंद, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं, बारीक डोळ्यांचं. मागे दुसरं, त्याच्या खाली तिसरं. ते कुठे जात नाहीत. कल्ल्यांमागचे गोल पर आलटून पालटून हलवत करंटमध्ये जागच्या जागी उभे असतात, आणि तोंडाच्या कडांना चिकटलेली रेमोरा तेवढी फडफडत असते. मग तो आवाज येतो. सुमारे साठ हर्ट्झचा, ढोलावर एकच थाप पडावी तसा, आणि तो कानाआधी छातीत कळतो. वाताशयाच्या जोरावर काढलेली ती त्याची हाक आहे. स्कूटरची मोटर चालू असताना ती ऐकू येत नाही.

माशांची श्रवणशक्ती बहुतांशी हजार हर्ट्झच्या खालच्या पट्ट्यात चांगली असते, आणि अंगावरच्या पार्श्वरेषेने त्यांना पाण्याची बारीकशी हालचालही कळते. आपले बुडबुडेसुद्धा त्यांच्या दृष्टीने गोंगाट. ग्वामला केलेल्या एका अभ्यासात, 2014 साली, असं आढळलं की जिथे मासेमारी जोरात चालते तिथे बुडबुडे न सोडणाऱ्या रिब्रीदरवरच्या डायव्हरांना साध्या सिलिंडरवाल्यांपेक्षा जास्त मासे दिसतात. संरक्षित पाण्यात हा फरक तितका राहत नाही. म्हणजे माशाला आवाजाची नव्हे, आवाजामागून येणाऱ्या भाल्याची आठवण असते. एखाद्या रीफवर मोठा मासा आपल्याला किती जवळ येऊ देतो, यावरून तिथे काय घडलं असेल याचा अंदाज बांधता येतो. म्हणूनच माशाच्या दिशेने सरळ स्कूटर नेणं मला अडाणीपणाचं वाटतं. लांबून वळसा घ्यावा, खालच्या बाजूने यावं, वेग आधीच उतरवावा आणि शेवटचे वीस-तीस मीटर फिन्सवर जावं. माशाला यायचं असलं तर तो येतो. नेपोलियन तर हटकून येतो, डोळा फिरवून आपल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो.

धोक्यांविषयी या पुस्तकात बरंच आहे, आणि ते वाचकाने वगळू नये. दहा मीटरवरून पृष्ठभागावर येताना दाब निम्मा होतो आणि फुप्फुसातली हवा दुप्पट जागा मागते. वर येण्याचा सुरक्षित वेग मिनिटाला नऊ-दहा मीटर. स्कूटरचं नाक चुकून वर झालं तर ती पाचपट वेगाने वर नेते. ट्रिगर अडकणं, जोडीदार नजरेआड होणं, मान वळवताच मास्कमध्ये पाणी शिरणं, लोंबता होज पंख्यात जाणं हे सगळं घडतं. शंभर-दीडशे बुड्या झालेल्या माणसालाही स्कूटरवर पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं.

आपल्याकडे काय? मालवण-तारकर्लीला हजारो मराठी माणसांनी आयुष्यातली पहिली बुडी मारली. तिथल्या एमटीडीसीच्या संस्थेत कोकणातली मुलं डायव्हिंग शिकून तयार झाली. ती आता अंदमानात आणि आखातात काम करताना भेटतात, आणि भेटली की गोब्रा आणि हेकरू याच नावांनी माशांबद्दल बोलतात. पण मालवणच्या उथळ, गढूळ पाण्यात, नवख्यांच्या गर्दीत स्कूटर आणू नये असंच मी म्हणेन. दोन-चार मीटर दिसत असताना वेगाचा उपयोग फक्त धडकायला. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरावर किलोमीटर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक आहे. पाण्याखाली बुडालेलं पठार, माथा वीसेक मीटरवर, पसारा कित्येक किलोमीटरचा, आणि आसरा घ्यायला जमिनीचा तुकडा नाही. स्कूटरवरच्या शिस्तशीर पाहणीचा महाराष्ट्राला खरा उपयोग तिथे आहे. गोब्र्यांचा आणि प्रवाळांचा हिशेब तिथे नीट लावता आला, तर त्या पठाराच्या संरक्षणाची मागणी ठोस आकड्यांवर उभी राहील.

अंदमानात स्वराज द्वीपाजवळच्या डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज या जागी मोठे गोब्रे आणि स्नॅपर अजून भेटतात. लक्षद्वीपच्या बित्रा बेटापाशी दरवर्षी ठरलेल्या तिथींना गोब्र्यांची एक जात अंडी घालायला प्रचंड संख्येने जमते. ऋचा करकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली त्यावर शोधनिबंध लिहिला: तिथले काही नर रीफच्या उतारावर आपली जागा राखून एकेका मादीची मनधरणी करतात, तर काही वर पाण्यात माद्यांच्या थव्यांमध्ये घुसून नशीब अजमावतात. हे जगातल्या कुठल्या दूरच्या समुद्रात नव्हे, आपल्याच देशात घडतं आहे. आणि 1998, 2010, 2016 अशा तीन उष्ण लाटांनी त्याच लक्षद्वीपचं प्रवाळ पांढरं करून सोडलं आहे. जायंट ग्रुपर 2001 पासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीत. हे किती जणांना ठाऊक आहे? बंदरावरच्या लिलावात एखादा आला तर त्याला ओळखणारा माणूस तिथे हवा.

हे पुस्तक आत्ताच का काढलं, त्याला दोन कारणं. स्कूटर आता परवडू लागली आहे. पुण्या-मुंबईचे, बेंगळुरूचे, दुबईचे मराठी डायव्हर ती विकत घेताहेत आणि यूट्यूबवरून शिकताहेत. दुसरं कारण, मोठ्या माशांच्या बाजूने झालेलं काम पुन्हा उलटण्याची चिन्हं. फ्लोरिडाने 2023 पासून गोलायथ गोब्र्याची मर्यादित मासेमारी पुन्हा खुली केली: सोडतीने दोनशे परवाने, तेही पिल्लं म्हणता येतील अशा आकाराच्या माशांसाठी, आणि अंडी घालायला ते जमतात तो आग्नेय किनारा वगळून. मर्यादा बाळगूनच केलेला निर्णय आहे हे मान्य, तरी तेहतीस वर्षांनी परत आलेल्या माशाला आणखी थोडी वर्षं द्यायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. मेक्सिकोच्या काबो पुल्मोत 1995 साली राष्ट्रीय उद्यान झालं. मच्छीमार कुटुंबांनीच जाळी बाजूला ठेवली, आणि 1999 ते 2009 या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन साडेपाच पटींच्या वर गेलं. भूमध्य समुद्रात पोर्ट-क्रो आणि मेदेस बेटांभोवती तांबूस गोब्रा परत आला तो संरक्षणामुळेच. सोडलं तर मासा परत येतो, याचे पुरावे आता हातात आहेत.

संग्रहात लिहिणारे सगळे डायव्हर नाहीत. त्यांत मोटर दुरुस्त करणारा आहे, सागरी जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई आहेत, आणि होडी चालवणारा एक तांडेल आहे, ज्याने स्कूटरला कधी हात लावलेला नाही पण करंट कुठल्या तिथीला कुठून फुटतो हे तो उधाण-भांगावरून सांगतो. त्यांचं एकमेकांशी सगळ्या मुद्द्यांवर पटत नाही. फोटोसाठी माशाच्या किती जवळ जावं, माशांना खाऊ घालणाऱ्या जागांवर जावं की नाही, रिब्रीदर शिकल्याशिवाय स्कूटर घ्यावी का, यावर परस्परविरोधी लेख शेजारी शेजारी ठेवले आहेत आणि त्यांची तडजोड करायचा प्रयत्न मी केलेला नाही. कुठली स्कूटर घ्यावी याची यादी इथे मिळणार नाही. ती छापून होईपर्यंत शिळी होते.

एक निर्णय मात्र लेखकांशी बोलून सर्वांनी मिळून घेतला. 2001 साली कॅरिबियनमधल्या लिटल केमन बेटापाशी मच्छीमारांना नसाऊ गोब्र्यांची अंडी घालायची जागा सापडली. जवळपास सात हजार मासे होते. दोन हंगामांत त्यातले सुमारे चार हजार पकडले गेले. त्यानंतर तिथे बंदी आली, शास्त्रज्ञ आणि सरकारने वर्षानुवर्षं गणती केली, आणि मासे पुन्हा वाढले. पण जागा कळल्यापासून मासे संपायला लागेपर्यंत दोन हंगाम पुरले होते. म्हणून फ्लोरिडातली ठिकाणं, जिथे संरक्षण आहे आणि जी सर्वांना ठाऊक आहेत, ती आम्ही नावानिशी दिली. भारतातल्या अशा जागांच्या बाबतीत बेटाच्या नावापलीकडे काही छापलेलं नाही. उताराची दिशा नाही, खोली नाही, तिथी नाही. दोन लेखांमधले नकाशे लेखकांच्या संमतीने काढून टाकले. ज्याला अभ्यासासाठी तिथे जायचं असेल, त्याने तिथे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना आणि बेटावरच्या मच्छीमारांना भेटावं. त्या जागा त्यांना आपल्या कितीतरी आधीपासून माहीत आहेत, आणि कुणाला सांगायचं तेही त्यांनीच ठरवावं.